साठवलेली वावटळ

मटार आला. चेरीतालच्या वळणावर सकाळच्या धुक्यात आधी हिरवे ढीग दिसतात, मग ढिगांखालची हातगाडी आणि अगदी शेवटी मफलर गुंडाळलेला माणूस. जबलपूरचा मटार गोड असतो, हे आमचे नागपूरचे नातेवाईकही मान्य करतात; एरवी ते इकडचं फारसं काही मान्य करत नाहीत. राज्यं वेगळी झाली तेव्हा आजोबा नोकरीपायी इथेच राहिले आणि बाकीचं घर तिकडे. तेव्हापासून दर थंडीत इथून तिकडे मटाराची पिशवी जाते आणि तिकडून संत्र्यांची येते.

यंदा मी थोडाच आणला. आई गच्चीवर उन्हात चटई टाकून शेंगा सोलत बसली आहे. माझ्यासमोर माझ्या धाकट्या बहिणीचा, नीलूचा, लॅपटॉप आहे. नीलू गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. तिनं काम केलेला शेवटचा खेळ या लॅपटॉपवर आहे आणि त्या खेळात तिनं घडवलेली एक शक्ती आहे, वावटळ. परवा तिची पुण्याची सहकारी, प्राची, हिचा फोन आला.

"ताई, नव्या अपडेटमध्ये आम्ही वावटळ बदलतोय. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हटलं. तुम्ही अपडेट नाही घेतलं तरी चालेल हं. तुमच्याकडे जुनी तशीच राहील."

अपडेट घेतलं, की नीलूच्या हातची वावटळ जाणार. नाही घेतलं, तर ती या एका यंत्रावर, या एका गच्चीवर राहणार. गेले दोन दिवस लॅपटॉपला इंटरनेट जोडायचं की नाही, एवढ्या एका गोष्टीपाशी मी थांबले आहे.

नीलूचं काम नेमकं काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी एका मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या जगात जे बनतं ते छापून येतं, त्याच्या पाठीवर क्रमांक चिकटतो आणि ते जागेवर बसतं. नीलूच्या जगात काहीच जागेवर बसत नसे. जादूचं राज्य, त्यात राक्षस, त्यात भाला घेतलेली एक मुलगी आणि त्या मुलीच्या अंगी वेगवेगळ्या शक्ती: आगीचा भाला, जमीन हादरवणारी टाच, सापासारखी वळणारी साखळी. कुठली शक्ती किती जोराची, किती वेळाने पुन्हा वापरता यावी, वापरल्यावर मुलीचा किती दम जावा, हे सगळं नीलू ठरवायची. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मी भांडणं लावते, आणि कुणी फुकटात जिंकत नाही ना, ते बघत बसते."

तिचा शेवटचा हिवाळा ती इथे, जबलपूरला होती. त्यांचं ऑफिस नव्या जागेत हलत होतं, म्हणून सगळ्यांना घरून काम. गच्चीवर ऊन इतकं लख्ख, की स्क्रीनवर काही दिसेना. तिनं टीव्हीचं रिकामं खोकं आडवं ठेवलं, त्यात लॅपटॉप सरकवला आणि स्वतःही खांद्यापर्यंत आत शिरली. बाहेरून तिची पाठ आणि लोकरीचे मोजे एवढंच दिसायचं. शेजारच्या दुबे भाभी गोणीभर मटार घेऊन आमच्याच गच्चीवर सोलायला यायच्या, कारण त्यांच्या गच्चीवर ऊन उशिरा येतं. पहिल्या दिवशी त्यांनी खोक्याकडे बराच वेळ बघितलं.

"दीदी, नीलू डिब्बे में क्या कर रही है?"

"नौकरी," आई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

वावटळीची पंचाईत तेव्हाच सुरू झाली होती. भाला घेतलेली मुलगी स्वतःभोवती गिरकी घेते, वारा उठतो आणि आसपासचे सगळे, लांडगे असोत की चिखलाचे राक्षस, उडून जातात. दिसायला फार देखणी. पण कंपनीत खेळ तपासायला बसलेला जो तो तीच घ्यायचा. आगीच्या भाल्याला कुणी हात लावेना. साखळी तर काहींना सापडलीच नव्हती.

"मग बिघडलं काय?" मी विचारलं. "लोकांना आवडतेय ना?"

नीलू खोक्यातून मागे सरकत बाहेर आली. "तुझ्या लायब्ररीत सगळ्यात जास्त काय जातं?"

"गाइडं."

"आणि बाकीची पुस्तकं?"

"धूळ खातात."

"हां. तेच."

मला ते एकदम कळलं, आणि इतकी वर्षं आपण विचारलं का नाही, याचं आश्चर्य वाटलं. एखादी गोष्ट फार बलवान झाली, की राक्षसांचं जे व्हायचं ते होतंच. पण तिच्या शेजारच्या सगळ्या गोष्टी नाहीशा होतात. असूनही नसल्यासारख्या. नीलूच्या वरच्या माणसांनी सांगून टाकलं होतं, की थंडी संपेपर्यंत वावटळ ताळ्यावर आली तर ठेवू, नाहीतर काढून टाकू. वावटळ मुळात नीलूच्याच डोक्यातून निघालेली. ती तसं बोलली नाही, पण त्या दिवसांत तिचं जेवणात लक्ष नसायचं. वाटल्या मटाराच्या निमोन्याची वाटी समोर ठेवून ती बोटानं ताटात गोल काढत बसायची.

आधी तिनं जोर कमी केला. मला बोलावून म्हणाली, "ताई, तू खेळ. तुझ्याइतकं वाईट खेळणारं मला पुण्यात कुणी मिळत नाही." मी खेळले. वारा उठला, लांडगे जरासे हलले आणि पुन्हा अंगावर आले.

"कशी वाटली?"

"पदर झटकल्यासारखी."

ती हसली, पण तिनं ते लिहून घेतलं. मग तिनं वावटळ उठायला वेळ लावून पाहिला. तोवर लांडगा येऊन चावून जायचा. मग जास्त दम लागेलसं केलं. मुलगी गिरकी घेऊन जमिनीवर बसून राहायची, लग्नात नाचून दमलेल्या मावशीसारखी. माझ्या लक्षात येत होतं, की प्रत्येक वेळी एकच आकडा बदलायचा आणि त्या मुलीचा स्वभावच बदलून जायचा. कधी ती भित्री व्हायची, कधी आळशी. नीलू आकडे हलवत होती, आणि मला मात्र ती एका माणसाला पुन्हा पुन्हा वाढवून पाहतेय असं वाटायचं.

शेवटी तिनं जोर होता तसा पूर्ण ठेवला आणि वावटळ प्रत्येक मुक्कामाला, म्हणजे खेळाच्या एका टप्प्यात, फक्त तीनदा मिळेल असं केलं. सगळीकडे हाच उपाय करतात म्हणे. त्या दिवशी तिनं आईलाच बसवलं. आईनं मटारानं हिरवी झालेली बोटं पदराला पुसली आणि बटणं हातात घेतली.

"हा लांडगा आला बघ. मार."

"काहून मारू? काय करून राहिला तो बिचारा?"

"आई, तो चावेल तुला."

चावला. मग आईनं साध्या भाल्यानं त्याला ढकललं, आणि तसंच ढकलत ढकलत ती बरीच पुढे गेली. चिखलाच्या मोठ्या राक्षसानं आणि त्याच्या टोळीनं तिला घेरलं.

"आई, वावटळ काढ! घेरलं तुला!"

"असू दे. पुढे याच्याहून मोठा आला तर?"

"पुढे कुणी नाही. हाच मोठा आहे!"

"तुला काय माहीत?"

"मीच बनवलाय गं, आई!"

मुलगी पडली. तिच्या तिन्ही वावटळी तशाच शिल्लक होत्या. मग मी बसले, आणि माझंही तेच झालं. नीलूनं विचारलं, "तू काहून नाही वापरली?" मी म्हटलं, "वाटलं, पुढे लागेल."

नीलू आधी पोट धरून हसली. मग उठून घरात गेली. मी मागोमाग गेले, तर ती शो-केससमोर उभी होती. आतल्या निळ्या काठाच्या कपांतून आम्ही कधी चहा प्यायलेलो नाही. ते पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्यांच्यासाठी जरा कमी चांगले कप निघतात. सराफ्यातून घडवून घेतलेल्या आईच्या पाटल्या लॉकरमध्ये, हातात काचेच्या बांगड्या. माझ्या कपाटात एक शाल आहे, तिच्यावर अजून दुकानाची चिठ्ठी आहे. आणि फ्रीजरमध्ये आदल्या वर्षीचा मटार, नवा मटार समोर येऊन पडलेला असताना.

"माझा खेळ चुकीचा नाहीये, ताई," ती म्हणाली. "मी चुकीच्या घरात आणलाय."

तिनं लगेच प्राचीला फोन लावला. प्राचीचा विश्वासच बसेना. "इथे कुणी साठवत नाही गं! पहिल्या मिनिटात तिन्ही उडवतात आणि मग ओरडतात, अजून द्या म्हणून." दुबे भाभींनीही तेच केलं. समोर कुणीही नसताना त्यांनी तिन्ही वावटळी काढल्या, प्रत्येकीला "हाय, कितनी सुंदर है!" म्हणाल्या आणि पहिल्याच लांडग्यानं त्यांना खाल्लं. "कोई बात नहीं," भाभी म्हणाल्या, "देख तो ली."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी सदर बाजाराला पायी गेलो. नीलू वाटभर बोलत होती आणि मी ऐकत होते, तसं आमचं नेहमीचंच. नियम एकच, शक्ती तीच, मग एका घरात ती सगळं गिळून टाकते आणि दुसऱ्या घरात शोभेची होते, हे कसं? मग शक्ती कुठे असते? आकड्यात, की धरणाऱ्या हातात? मी एवढंच म्हटलं, की महाग पुस्तकं मीही कपाटात कुलूप लावून ठेवते, आणि ती कुणी मागत नाही. "काहून ठेवते?" तिनं विचारलं. "खराब होतील म्हणून." "मग ती आहेत कशाला?" असं म्हणून ती गरम भुईमुगाच्या शेंगा घ्यायला थांबली. उत्तराची वाट न पाहता प्रश्न टाकून जायची तिची सवयच होती.

आणि मग एका सकाळी तिला सुचलं. कुठून सुचलं, मला माहीत नाही. गच्चीवर ओली चादर दोरीवर टाकताना वाऱ्यानं चादरीसकट आईला दोन पावलं मागे नेलं होतं, त्यातून असेल. सदरहून परतताना रिक्षात तिची ओढणी फुगून माझ्या तोंडावर आली होती, त्यातूनही असेल. किंवा कुठूनच नसेल. काम करता करता सुचतं तसं. विचारायचं राहिलं. जे विचारायचं राहिलं त्यात मला सगळ्यात जास्त टोचणारं हेच आहे. मोठे प्रश्न नाहीत टोचत.

तिनं मोजणीच काढून टाकली. लढताना मुलीच्या अंगात वारा आपोआप भरत जातो. भरला की सोडायचा. नाही सोडला, तर तो तिलाच ढकलायला लागतो. जितका साठवाल तितका जोरात.

आई खेळायला बसली आणि अर्थातच साठवू लागली. थोड्याच वेळात भाल्याची मुलगी तिरपी चालायला लागली.

"अगं, ही काहून अशी वाकडी चालून राहिली?"

"तू वारा कोंडलाय म्हणून."

"मी कुठे काय केलं? मी तर हातसुद्धा लावला नाही."

"म्हणूनच."

मुलगी पुलावर आली, भेलकांडली, कठड्याला धडकली आणि नदीत. भाभी हसून हसून मटारावर लवंडल्या. दुसऱ्या खेपेला आई पुलाच्या अलीकडे थांबली, जरा विचार केला आणि समोर कुणी नसताना वावटळ सोडून दिली. गवत गोल आडवं झालं आणि मुलगी सरळ उभी राहिली. "हां, आता बरं वाटतंय तिला," आई म्हणाली. खोक्यात डोकं घालून बघणारी नीलू मग कितीतरी वेळ बाहेरच आली नाही. वावटळ राहिली.

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि डेंग्यूचं निदान झालं. त्या आठवड्याबद्दल मी इथे लिहीत नाही. पण एक सांगते. नीलूची कुठलीही आठवण काढायला गेले, की पहिल्यांदा तो आठवडाच येतो. तिची शाळा, तिची वेणी, तिनं चोरून वाचलेली माझी पुस्तकं, कशालाही हात घालावा तर हॉस्पिटलचा तो जिना पुढे येतो आणि बाकी सगळं उडून जातं. कधी कधी वाटतं, हेही तिच्याच कामाचं दुखणं आहे. एक आठवण फार बलवान झाली आहे आणि बाकीच्या धूळ खात आहेत. तिचा जोर कमी कसा करतात, ते नीलूला विचारायला हवं होतं. जोर कमी करून ती पदर झटकल्यासारखी व्हावी, असंही मला नको आहे. म्हणून मी मटाराचा हा मोसम जवळ घेऊन बसते आणि हळूहळू लिहिते.

परवाच्या फोनवर मी प्राचीला विचारलं, "पण बदलताय कशासाठी? लोकांना नको झाली का?"

"उलट, ताई. लोक लढायचं सोडून उडायला लागलेत."

"म्हणजे?"

"वारा कोंडून धरतात, पूर्ण भरू देतात आणि मग तो ढकलेल तिकडे उडी मारतात. किल्ल्याच्या भिंतीवरून थेट पलीकडे. मधले राक्षस, मधली दारं, सगळं चुकवून. नीलूनं जी शिक्षा ठेवली होती, तिचंच त्यांनी वाहन केलंय." मग प्राची म्हणाली, "आम्ही आपसात सारखं म्हणतो, नीलू असती तर काय केलं असतं. तुम्हाला काय वाटतं?"

मी तिला ती उडी कुठून आणि कशी मारतात, तेवढं विचारून घेतलं. फोन ठेवल्यावर दुःखाच्या आधी जे आलं ते कुतूहल होतं, आणि त्यानं मीच दचकले. कुठल्या कुठल्या गावांतली अनोळखी माणसं माझ्या बहिणीच्या वाऱ्यावर बसून भिंती ओलांडत होती, आणि मला पत्ताही नव्हता.

आज सकाळी मी तेच करून पाहिलं. प्राचीनं सांगितलं होतं तसं, किल्ल्याच्या भिंतीजवळच्या पडक्या पायरीवर उभं राहून वारा कोंडायचा. मुलगी थरथरायला लागते, तिरपी होते. नेमक्या त्या क्षणी उडी. मी अर्थात पडले. पुन्हा पडले. आई शेंगा सोलता सोलता बघत होती.

"अगं, पडली ती."

"पुन्हा उभी राहते ती, आई."

"बरं आहे तिचं," आई म्हणाली.

भाजीवाला खालून ओरडत गेला. मी पुन्हा वारा भरला, आणि या खेपेला भिंत खाली गेली.

पलीकडे गवत होतं, पण थोडंच. पुढे ते कापल्यासारखं संपत होतं. एक तळं होतं, नुसत्या निळ्या रंगाचं, पाणी नसलेलं. झाडं होती, ती भिंतीच्या बाजूनं अगदी दाट आणि पानापानांची. मुलगी त्यांच्या मागे गेली तर मागे काहीच नव्हतं; नुसती पोकळ पाठ, नाटकाच्या पडद्याला असते तशी. इथे कुणी येणारच नव्हतं, म्हणून कुणी काढलं नव्हतं. नीलूनं तिथे काहीही केलेलं नव्हतं, पण तिच्याशिवाय तिथे जाता आलं नसतं. मी मुलीला त्या तळ्याशी बराच वेळ उभं केलं.

मग मी फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं. ठरवून नाही. बदलून त्यांनी नेमकं केलंय काय, हे बघितल्याशिवाय राहवेना. अपडेटची पट्टी भरत गेली. भरत असताना हात एकदा बंद करण्याच्या बटणावर गेला. आईनं विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "नवीन येतंय." तिनं मान हलवली आणि दाणे वेगळ्या पातेल्यात ओतले.

पट्टी भरली. मी लगेच त्या पडक्या पायरीवर गेले. वारा कोंडला. मुलगी तिरपी झाली, पण पडण्याआधी तिनं टाच जमिनीत रोवली. टाचेखालून माती उडाली, भाला आडवा टेकला, आणि ती अंगात भरलेला वारा घेऊन तशीच थरथरत उभी राहिली. ढकलली जात होती, उडत मात्र नव्हती. उडी मारली तर भिंत उंच राहिली. मी पुन्हा केलं, पुन्हा केलं. मला राग आला. आणि मग ती टाच आवडली. ही टाच नीलूची नव्हती. नीलूची मुलगी वाऱ्यापुढे भेलकांडायची. ही अडून राहत होती. कुणीतरी नीलूचा वारा नीट समजून घेतल्याशिवाय ही टाच सुचली नसती.

मी प्राचीला फोन लावला. "ही पाय रोवण्याची कल्पना कुणाची?"

"तुम्ही अपडेट घेतलं?" तिचा आवाज बदलला. "नवी मुलगी आलीये, ताई. रायपूरची. नीलूच्या जागेवर. महिनाभर तिनं फक्त वावटळच उलगडून पाहिली."

"एक विचार तिला. ही वाट बंद करायच्या आधी ती स्वतः कधी भिंतीपलीकडे गेली होती का?"

पलीकडे कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला, मग हसणं. प्राची परत आली. "म्हणतेय, जायचं म्हणजे काय, तिथेच राहत होते. आणि आता चित्रवाल्यांच्या मागे लागलीये, की त्या झाडांना मागची बाजू काढा. सगळे समजावतायत, अगं, आता तिथे कुणीच पोचणार नाही, तूच तर बंद केलंस. ऐकतच नाही."

"तिला समजावू नका," मी म्हटलं. "काढू दे."